पद्मिनीचा उजेड नेमका कुठे मुरत होता?

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. पुण्याची नोंदणी, पहिल्यापासून एकाच घरात. मालक बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. आमच्या गोतावळ्यात सगळे त्यांना काकाच म्हणतात. तक्रार एका वाक्याची होती: रात्री समोरचं दिसत नाही. शहरात दुकानांच्या आणि खांबांच्या उजेडात ते जाणवत नव्हतं. पण सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की रस्त्याची डावी कड शोधत गाडी चालवावी लागे, आणि समोरून ट्रक आला म्हणून डिपर द्यावा तर तीही दिसेनाशी होई. त्यात पाच वर्षांनी येणारं पासिंग तोंडावर होतं. काकांची अट एकच होती, गाडीचं तोंड बदलायचं नाही. काच तीच, क्रोमची रिंग तीच.

गाडी माझ्याकडे आली तोवर तिला तीन सल्ले मिळून चुकले होते.

पहिला नातवाचा: टूथपेस्टने काच घासा. त्याने घासलीही होती. काच स्वच्छ झाली, उजेड होता तेवढाच राहिला. हा उपाय मुळात वेगळ्या दिव्यांसाठी आहे. हल्लीच्या गाड्यांच्या दिव्यांवर काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. अमेरिकेत १९८३ मध्ये नियम बदलल्यावर ही वाट मोकळी झाली आणि पुढे जगभर तीच रुळली. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या प्लास्टिकवरचा संरक्षक थर मरतो आणि दिवा पिवळट, दुधाळ होतो. तिथे घासून फरक पडतो. तोही नवा थर चढवला नाही तर काही महिन्यांपुरताच, कारण घासताना उरलासुरला थरही निघून जातो. पद्मिनीवर खरी काच आहे आणि काच उन्हाने पिवळी पडत नाही. ती पिवळट दिसत असेल तर तुम्ही काचेतून आतला खराब झालेला बाउल, म्हणजे बल्बमागचा प्रकाश पुढे फेकणारा वाटीसारखा आरसा, पाहत आहात.

दुसरा सल्ला नाना पेठेतल्या एका दुकानातला: “काका, शंभर-नव्वदचे बल्ब टाका, काळजीच मिटेल.” शंभर वॉटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टला जवळजवळ सतरा अँपिअर. पद्मिनीच्या मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून जातो, मधे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) नाही. चाळीस वर्षांच्या त्या स्विचमधून दुप्पट करंट नेला तर काळजी मिटायच्या आधी स्विच वितळेल. शिवाय इतक्या वॉटचे बल्ब रस्त्यावर नियमात बसत नाहीत.

तिसरा सल्ला अर्थातच एलईडीचा. त्यावर पुढे बोलू.

तिघांनीही मोजमाप केलं नव्हतं. हेडलाइटचा उजेड तीन ठिकाणी हरवू शकतो: बल्बपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये, बल्बमागच्या बाउलमध्ये आणि पुढच्या काचेत. लोक सुरुवात काचेपासून करतात, कारण ती डोळ्यांना दिसते. मी मल्टिमीटरपासून करतो.

आधी मीटर

या गाडीत मूळ डायनमोच्या जागी कुणीतरी पूर्वीच अल्टरनेटर बसवला होता, त्यामुळे सिग्नलला थांबलं की दिवे मंदावण्याचा प्रश्न नव्हता. इंजिन जरा चढं ठेवून, डिपर चालू करून बॅटरीच्या टोकांवर मोजलं: १३.६ व्होल्ट. ठीक. मग उजव्या बल्बच्या होल्डरमध्ये मागून पिना सरकवून मोजलं: ११.४.

हे माप बल्ब जळत असतानाच घ्यायचं. होल्डर काढून नुसत्या टोकांवर मीटर लावला तर तिथेही साडेतेरा दिसतील, कारण करंट वाहत नसेल तर वायरमध्ये व्होल्टेज पडतच नाही. टेस्ट लॅम्प लावून “लाइन बरोबर आहे” असा निर्वाळा देणारे वायरमन इथेच फसतात. त्या छोट्या दिव्याला लागणारा करंट इतका कमी असतो, की गंजलेला जोडही त्याला पुरतो.

दोन व्होल्ट कमी म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने घटतो. १३.६ ऐवजी ११.४ मिळाले की व्होल्टेज सोळा टक्क्यांनी कमी होतं, प्रकाश मात्र पंचेचाळीस टक्क्यांनी. म्हणजे बाउल आणि काच कोऱ्या असत्या तरी हा दिवा जेमतेम निम्म्या उजेडावर चालला असता. फिलामेंट थंड असल्यामुळे प्रकाशाचा रंगही पिवळा-तांबूस होतो. काका त्याला “कंदिलासारखा” म्हणत होते ते अगदी बरोबर होतं.

मग त्या २.२ व्होल्टची वाटणी शोधली. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवायची आणि दुसरी वाटेतल्या एकेका जोडावर पुढे न्यायची. प्रत्येक टप्प्यात किती पडतंय ते दिसत जातं. दांडीच्या स्विचमध्ये ०.९ व्होल्ट जात होते. फ्यूज बॉक्समध्ये ०.४. तिथे जुन्या पद्धतीचे टोकदार चिनी मातीचे फ्यूज आहेत, आठ अँपिअरचा पांढरा आणि सोळाचा लाल. त्यांना धरणाऱ्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. वायरमध्ये ०.३. उरलेले ०.६ अर्थमध्ये. दिव्याची अर्थची वायर मडगार्डच्या आतल्या अंगाला एका स्क्रूखाली होती आणि त्या स्क्रूच्या भोवती रंग आणि गंज यांचा थर बसला होता. डावीकडचा अर्थ जरा बरा होता, म्हणून डावा दिवा थोडा उजळ. दोन दिव्यांत असा फरक दिसला की मी आधी अर्थ पाहतो, बल्ब नंतर.

उपाय रिलेचा. एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून फ्यूजमधून थेट आलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ वरून बल्बकडे. हेडलाइटच्या जुन्या कनेक्टरमधून येणारी लाइन ८६ वर आणि ८५ अर्थला. जुन्या स्विचच्या वाट्याला आता रिलेची कॉइल ओढण्यापुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट उरतो, त्यामुळे तो आणखी कित्येक वर्षं टिकेल. डाव्या-उजव्या दिव्याला फ्यूज वेगवेगळे दिले, म्हणजे एक उडाला तरी रात्री गाडी पूर्ण आंधळी होत नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर, थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. जुनी वायरिंग कुठेही कापली नाही. उद्या कुणाला कंपनीतून आली तशी गाडी हवी असेल तर दोन कनेक्टर काढून पूर्ववत करता येईल. रिले रेडिएटरच्या बाजूला आत बसवले. बॉनेट उघडूनही चटकन दिसत नाहीत.

पुन्हा मोजलं: बल्बवर १३.२ व्होल्ट. हिशेबाने प्रकाश पावणेदोन पटीच्या जरा खाली, साधारण १.६५ पट. बाउल आणि काच यांना अजून हातही लागला नव्हता, आणि रिले, वायर, होल्डर यांचा मिळून खर्च किरकोळच होता. काका म्हणाले, “अहो, एवढ्यावरच थांबलो तर?” थांबता आलं असतं. पण डिपरचा उजेड भिंतीवर पाहिला तर त्याला कडाच नव्हती, नुसता धुरकट गोळा. वरून खाली अंधार-उजेडाची जी रेघ दिसायला हवी ती नसेल तर वाढलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. व्होल्टेज वाढवून आम्ही तो त्रास वाढवलाच होता. म्हणून बाउल उघडणं भाग होतं.

बाउल

क्रोमची रिंग काढून काच आणि बाउल बाहेर घेतले. उजव्या बाउलच्या तळाशी नाण्याएवढा तांबेरा होता आणि वरच्या भागावर करडी साय. डावा नुसताच मंद. खालचा तांबेरा पाण्याचा: काच आणि बाउल यांच्यामधला रबर कडक होऊन तडकला होता, पावसाळ्यात आत आलेलं पाणी तळाशी साठत होतं. वरची साय उष्णतेची.

बाउल हा दिव्यातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि सगळ्यात जास्त अत्याचार त्याच्यावरच होतात. चकाकणारा थर ॲल्युमिनियमचा असतो, जाडी साधारण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढी. त्यावर पारदर्शक लॅकर. लॅकर शाबूत असेल तर मऊ ब्रशने धूळ झटकता येते. लॅकर गेलं असेल तर फडक्याच्या एका फटक्यात ॲल्युमिनियम फडक्यावर येतं. पितळेच्या भांड्यांचं पॉलिश लावून बाउल “चमकवलेले” मी पाहिले आहेत. खालचा पत्रा छान चमकत असतो, फक्त तो आता आरसा राहिलेला नसतो. बोटही लावू नये, कारण बोटाचा तेलकट ठसा गरम होऊन तिथेच भाजला जातो.

इथे पर्याय तीन होते. नवे बाउल, क्रोम प्लेटिंग, किंवा जुन्याच बाउलवर पुन्हा ॲल्युमिनियम.

१९६४ पासून फियाट ११०० डी म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये निघत होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग कारखाना बंद झाल्यावरही बरीच वर्षं सहज मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तो आधारही संपत चालला. आज बाजारात “पद्मिनीला बसतो” म्हणून जे नवे बाउल मिळतात ते बहुतेक जीप, बुलेट आणि बाकी सगळ्यांना चालणारे सात इंची सर्वसाधारण बाउल असतात, एच-४ या हॅलोजन बल्बच्या भोकाचे. काही चांगले असतात. आम्ही आणलेल्या जोडीचा पत्रा पातळ होता आणि वक्रता सारखी नव्हती. भिंतीवर उजेडाचे दोन वेगळेच ठिपके पडत होते. परत केले.

क्रोमचा सल्ला प्लेटिंगवाल्याने दिला आणि तो मोहात पाडणारा आहे, कारण क्रोम बम्परवर आरशासारखं दिसतं. पण क्रोमवर पडलेल्या प्रकाशापैकी साठ-पासष्ट टक्केच परत येतो, ॲल्युमिनियमवरून पंच्याऐंशी ते नव्वद. चांदी त्याहून सरस आहे, आणि फार जुन्या गाड्यांच्या दिव्यांत चांदीचाच मुलामा असे, पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. क्रोम टिकतं, गंजत नाही, आणि मिळणारा उजेड कायमचा चतुर्थांशाहून जास्त खातं. रिंगवर ते शोभतं. बाउलच्या आत नको.

राहिलं व्हॅक्यूम मेटलायझिंग. भोसरीच्या औद्योगिक भागात प्लास्टिकच्या वस्तू, ट्रॉफ्या यांना चमक देणारे कारखानदार हेच काम करतात. दोन बाउल घेऊन गेलेल्या माणसाला ते सहसा दारात उभं करत नाहीत, म्हणून त्यांची मोठी खेप निघेपर्यंत थांबायची तयारी हवी. पद्धत अशी: जुना थर आणि गंज पूर्ण काढायचा, पत्र्यावर बेस कोट मारून भट्टीत भाजायचा, मग निर्वात पेटीत टंगस्टनच्या तारेवर ठेवलेलं ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ बाउलवर बसू द्यायची, आणि शेवटी वर पारदर्शक लॅकर. खरं कसब त्या बेस कोटमध्ये आहे. ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो, की खालचा प्रत्येक खडबडीतपणा जसाच्या तसा वर दिसतो.

उजव्या बाउलचा पत्रा तांबेऱ्याने खड्डे पडण्याइतका खराब होता. त्याच्या जागी पुण्यातल्या जुन्या बाजारातून एक मंदावलेला पण धडधाकट पत्र्याचा मूळ बाउल मिळाला. दोन्ही एकाच खेपेत द्यायचे हा आग्रह धरला, कारण वेगवेगळ्या वेळी केले की डाव्या-उजव्याचा रंग जुळत नाही. पहिल्यांदा एक सुरेख आला आणि दुसऱ्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उठाव आले. बेस कोट नीट पसरला नव्हता. दोन्ही परत पाठवले. ट्रॉफीला ते चाललं असतं, आणि कारखान्यातल्या माणसाला आमची कुरकुर नीट कळली नाही. त्याला एका टोकाला टॉर्च धरून भिंतीवरची सावली दाखवावी लागली. त्यानंतर त्याने स्वतःहून बेस कोटचे दोन हात दिले. बेस कोट आणि लॅकर बल्बची उष्णता सोसणारे हवेत, हे आधीच बजावून सांगावं लागतं. प्लास्टिकच्या कामाला त्याची गरज नसल्यामुळे ते विचारत नाहीत.

काच, आणि तिच्यावरचा बाण

काचांवर दोन गोष्टी होत्या. एक, मधोमध काळ्या रंगाचा ठिपका. जुन्या वाचकांना आठवेल, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटवर तो रंगवून घ्यायची सक्ती असे आणि नसला तर चौकात अडवलं जाई. ब्लेडने तो खरवडून काढला. दुसरी गोष्ट म्हणजे चाळीस वर्षांत उडालेल्या खडीचे टोचे. सिरियम ऑक्साइडने काचेचे बारीक ओरखडे कमी होतात, खोल टोचे जात नाहीत. काचेच्या आतल्या बाजूच्या उभ्या-आडव्या पट्ट्या प्रकाश रस्त्यावर वाटून देतात, तिकडे पॉलिशचं चाक फिरवणं म्हणजे ती रचना बिघडवणं.

फियाट मूळची इटलीची, तर तिकडून नव्या काचा मागवता येतील का, असं काकांनी विचारलं. येतील, पण नको. तिकडची वाहतूक उजवीकडून चालते. डिपरचा उजेड रस्त्याच्या कडेच्या बाजूला थोडा वर उचललेला असतो. इटलीच्या काचेत तो उजवीकडे वर जाईल, म्हणजे आपल्याकडे समोरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत. युरोपियन मानकाच्या काचेवर हे ओळखायची खूण आहे. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे रोखलेला बाण दिसला तर ती डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीची, म्हणजे आपल्या कामाची. दोन्हीकडे टोक असलेला बाण दोन्हीला चालतो. बाणच नसेल तर ती उजव्या वाहतुकीची. परदेशातून हौसेने जुने दिवे मागवणाऱ्यांपैकी फार थोडे हा बाण शोधतात.

शेवटी काकांच्या जुन्याच काचा ठेवल्या. पावसात त्या टोच्यांमुळे उजेड अजूनही थोडा विखुरतो. ही तडजोड त्यांना सांगून केली.

जोडताना रबर नवं घातलं. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नये. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि बंद दिव्याच्या आत ते ॲल्युमिनियमला खातं. बिनवासाचं, न्यूट्रल प्रकारचं मिळतं. बाउलच्या मागचं रबरी टोपणही बदललं; पाण्याला आत यायला तीही एक वाट असते.

बल्बचा निर्णय

या दिव्यांचे मूळ बल्ब ४५/४० वॉटचे, जुन्या मोठ्या पी४५टी टोपीचे. १३.२ व्होल्टला त्यांचा प्रकाश अप्परला सुमारे ८६० आणि डिपरला ६७५ ल्युमेन. एच-४ चा ६०/५५ बल्ब तिथेच १६५० आणि १००० देतो, आणि जुन्या टोपीवर बसवलेले हॅलोजनही बाजारात आहेत. रिले असल्यामुळे करंटची चिंता नव्हती. तरी आम्ही आधी नवे ४५/४० लावून पाहिले. जुन्या बल्बांची काच आतून काळवंडली होती. हॅलोजन नसलेल्या बल्बमध्ये टंगस्टन उडून काचेवर बसतं, तेवढाही उजेड अडतो. नव्या बल्बांनी काकांचं समाधान झालं. ते साठच्या वर गाडी नेत नाहीत, आणि ताज्या लॅकरवर उष्णताही कमी पडते. घाटमाथ्यावर रोज रात्री पळणारी गाडी असती तर मी हॅलोजनच घेतला असता.

आता एलईडी. बाउलची वक्रता फिलामेंट नेमका कुठे आहे हे धरून आखलेली असते, आणि डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, तिच्यामुळे ती अंधार-उजेडाची रेघ पडते. एलईडीच्या चिपा दोन बाजूंना, जरा वेगळ्या जागी बसतात. गाडीपुढचा दहा-पंधरा फूट रस्ता पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे खूप उजेड झाल्यासारखं वाटतं. लांबवर मात्र कमी पोचतो आणि वर नको तिथे जातो. समोरून येणाऱ्यांच्या शिव्या फुकट मिळतात.

भिंतीवर

दिव्यांचा रोख लावायचं शेवटचं काम सपाट जागेवर, टायरमध्ये बरोबर हवा भरून, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवून. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खुणावायची. दहा मीटरवरून डिपरची रेघ त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली यायला हवी, पाच मीटरवरून पाच. आम्हाला दोन्ही दिवे बरेच खाली आणावे लागले, कारण या गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्या आहेत: मागचं अंग खाली, तोंड वर. आता रेघ स्पष्ट दिसते, डावीकडे हलकीशी वर चढलेली.

पासिंगला दिव्यांवर कुणी बोट ठेवलं नाही. वाईच्या रस्त्यावर काकांनी रात्री गाडी नेऊन पाहिली आणि फोनवर फक्त एवढंच विचारलं, की पाट्यांचं काम कधी काढायचं. पावसाळ्यानंतर काढू. पाट्या नव्या झाल्या की मागचं अंग उचललं जाईल, तेव्हा गाडी पुन्हा भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे थोडे वर घ्यावे लागतील.